मेडिकेअर आणि व्यवसायोपचार : विमा-नियमांची पार्श्वभूमी

अमेरिकेत पासष्टीपुढील नागरिकांना आज मेडिकेअर या सरकारी विम्यातून ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार (आजार किंवा अपंगत्व असतानाही जेवण, कपडे, अंघोळ अशी रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचा उपचार), मिळतो. मात्र तो कोठे, केव्हा आणि किती रकमेपर्यंत मिळेल हे ठरवणाऱ्या नियमांवर, हा उपचार स्वतंत्र नसून दुसऱ्या उपचाराला जोडून द्यायचा आहे, या जुन्या समजुतीची छाप आहे.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, तेव्हा व्यवसायोपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन होऊन ४८ वर्षे झाली होती. तरीही या उपचाराचा खर्च मुख्यतः रुग्णालयातील वास्तव्याचा भाग म्हणूनच मिळे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या सेवेला १९७२ च्या दुरुस्तीने मान्यता मिळाली. व्यवसायोपचारकांना त्यासाठी १९८६ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले, आणि त्याची अंमलबजावणी १९८७ मध्ये झाली.

त्यानंतरचा वाद रकमेच्या मर्यादेवरून पेटला. अर्थसंकल्पातील तूट कमी करण्यासाठी १९९७ मध्ये झालेल्या कायद्याने बाह्यरुग्ण व्यवसायोपचारावर प्रत्येक रुग्णामागे वर्षाला १,५०० डॉलरची मर्यादा घातली आणि ती १९९९ पासून लागू झाली. फिजिओथेरपी व वाचोपचार (स्पीच थेरपी) या दोहोंना मिळून तेवढीच दुसरी मर्यादा होती. रुग्णाची गरज किती, याचा या आकड्याशी काहीही संबंध नव्हता, आणि माझ्या मते हाच त्याचा मूळ दोष होता : पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाची मर्यादा वर्षाच्या मध्यावरच संपू शकत होती. रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांना २०१२ पर्यंत मर्यादेतून सूट होती, त्यामुळे ज्याच्या जवळ असे रुग्णालय नाही, त्याची अडचण अधिक होई. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, २००० पासून मर्यादेला स्थगिती दिली. २००३ मध्ये ती काही महिने पुन्हा लागू झाली, पुन्हा थांबली, आणि २००६ पासून अपवादांच्या तरतुदीसह परत आली. अखेर फेब्रुवारी २०१८ च्या कायद्याने ती कायमची रद्द केली. आता ठरावीक रक्कम ओलांडल्यावर उपचारकाला बिलावर ‘केएक्स’ हा संकेत लावून सेवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याची ग्वाही द्यावी लागते, आणि तिला आधार देणाऱ्या नोंदी ठेवाव्या लागतात.

दुसरा अडसर कायद्यात लिहिलेलाच नव्हता. रुग्णात सुधारणा दिसत नसेल तर खर्च नाकारण्याची प्रथा दावे तपासणाऱ्यांमध्ये रुजली होती, आणि पार्किन्सन किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांना तिचा फटका बसे. ‘जिमो विरुद्ध सिबेलियस’ या खटल्यात न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये मंजूर केलेल्या तडजोडीने स्पष्ट झाले, की असलेली क्षमता टिकवण्यासाठी किंवा घसरण लांबवण्यासाठी कुशल उपचारकाची गरज असेल तर तोही खर्च मेडिकेअरच्या कक्षेत येतो. अशा रुग्णासाठी स्वतःच्या हाताने जेवता येणे आणखी वर्षभर टिकले, तर ते कोणत्याही सुधारणेइतकेच मोलाचे आहे.

खासगी विम्यात २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने मोठा फरक पडला. वैयक्तिक व छोट्या गटांच्या नव्या विमा योजनांमध्ये २०१४ पासून गमावलेली कौशल्ये परत मिळवण्याच्या सेवांबरोबरच मुळात ती आत्मसात करण्याच्या सेवाही अत्यावश्यक लाभांत आल्या. जन्मापासून अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

सर्वांत जुना प्रश्न मात्र घरपोच सेवेचा आहे. पक्षाघातानंतर घराबाहेर पडणे कठीण झालेल्या एखाद्या स्त्रीला शुश्रूषेची किंवा फिजिओथेरपीची गरज उरली नसेल, पण एका हाताने सदऱ्याची बटणे लावणे, न पडता न्हाणीच्या टबात उतरणे एवढेच शिकायचे असेल, तर केवळ व्यवसायोपचारासाठी मेडिकेअरची घरपोच सेवा सुरू होत नाही. परिचर्या, फिजिओथेरपी किंवा वाचोपचार यांपैकी काहीतरी आधी लागते. ते संपल्यावर व्यवसायोपचार एकटा चालू राहू शकतो. काँग्रेसने १९८० मध्ये ही विसंगती दूर केली होती, पण पुढच्याच वर्षी काटकसरीच्या कायद्यात ती तरतूद मागे घेतली. १ जानेवारी २०२२ पासून, परिचर्येची गरज नसलेल्या आणि व्यवसायोपचारासोबत दुसरी थेरपीही सांगितलेल्या रुग्णाची पहिली तपासणी व्यवसायोपचारकाला करता येते; सेवा सुरू होण्याची पात्रता मात्र त्या बदलाने हलली नाही.