व्हाळात पावडर किती चालते?

गोव्यात सत्तरीत, पेडण्यात अजूनही व्हाळाच्या (म्हणजे ओढ्याच्या) दगडांवर कपडे धुतात आणि खाली फेस दिसला की लगेच कोणीतरी म्हणतो आता मासे संपले, पण फेसावरून तसं काही कळत नाही. धुण्याच्या पावडरमध्ये मळ काढणारं मुख्य केमिकल म्हणजे एलएएस, आणि ते पाण्यात किती चालेल हे आधी लॅबमध्ये ठरतं. डॅफ्निया नावाचा बारीक पाणकिडा 48 तास, शेवाळ 72 तास, मासे 96 तास त्या पाण्यात ठेवायचे, किती मात्रेला निम्मे गारद होतात ते बघायचं आणि मग सेफ्टी म्हणून त्या आकड्याला कधी कधी चक्क 1000 ने भागायचं!

एवढं भागायचं कारण भांडं म्हणजे व्हाळ नव्हे. व्हाळात दगडावर शेवाळ असतं, ते खाणारी मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं असतात, म्हणजे केमिकलने न मेलेला किडासुद्धा शेवाळ गेलं तर उपाशी मरणार. उलट तिथले बॅक्टेरिया एलएएस खाऊन टाकतात, थोडं गाळाला चिकटतं, त्यामुळे लॅबचा आकडा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

हे तपासायला अमेरिकेत ओहायोमधल्या मिलफर्डला धुण्याची पावडर बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने चक्क कृत्रिम ओढे बांधले, त्यात खऱ्या नदीचं पाणी आणि त्यातलेच जीव, आणि 56 दिवस सतत एलएएस सोडलं. (कंपनीच आपला माल तपासते हे लक्षात असू दे, पण निकाल छापून आलेत.) लिटरला साधारण 0.27 मिलिग्रॅमपर्यंत तिथल्या जीवांवर ठळक परिणाम दिसला नाही, आणि पुढे युरोपात सुरक्षित पातळी म्हणून हाच आकडा धरला गेला. मला हे काम पटतं.

पण आपल्याकडे गणित वेगळं आहे. समजा एका धुण्यात 5 ग्रॅम एलएएस गेलं, तर ते 0.27 वर आणायला साडेअठरा हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे जवळपास दोन टँकर. जुलैत व्हाळ ते सहज देतो, मे महिन्यात कुठून देणार? शिवाय ट्रीटमेंट प्लांटमध्ये एलएएस बहुतेक सगळं निघून जातं, दगडावर धुतलेलं मात्र थेट पाण्यात. म्हणून कोणाला खरंच तपासायचं असेल तर मे महिन्यात जा, धुण्याच्या जागेच्या वरचे आणि खालचे दगड उलटा आणि मेफ्लायची पिल्लं मोजा.