लिटरचे किलो करताना

‘एक लिटर म्हणजे किती किलो?’ हा प्रश्न अर्धवट आहे. कशाचा लिटर, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. पाण्याचा असेल तर जवळपास एक किलो, पाऱ्याचा असेल तर सुमारे १३.६ किलो.

लिटर हे आकारमानाचं एकक. पदार्थाने किती जागा व्यापली, एवढंच ते सांगतं. त्यामुळे आकारमानाच्या एका एककातून दुसऱ्यात जाताना पदार्थाची चौकशी करावी लागत नाही. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर आणि एक मिलिलिटर म्हणजे बरोबर एक घन सेंटिमीटर. मग आत तेल असो वा हवा. चूक होते ती घनाच्या हिशेबात. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असतात, पण एका घनमीटरमध्ये १० लाख घन सेंटिमीटर, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभरपट होतात. गॅलनच्या बाबतीत तर देशही विचारावा लागतो: अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा.

किलोग्रॅम मात्र वस्तुमान मोजतो, म्हणजे त्या जागेत द्रव्य किती आहे ते. लिटरकडून किलोकडे जायचं तर पदार्थाची घनता माहीत हवी: आकारमान गुणिले घनता बरोबर वस्तुमान. गुणाकार साधाच, पण घनतेचं एकक चुकलं तर काय होतं, हे २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसलं.

एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला प्रवासासाठी २२,३०० किलो इंधन हवं होतं. इंधनदर्शक बंद असल्याने टाक्यांमधलं इंधन हातानं मोजलं, ते ७,६८२ लिटर भरलं. त्याचे किलो करताना १.७७ ने गुणलं गेलं. पण १.७७ ही घनता पौंड प्रति लिटरमध्ये होती. किलोसाठी सुमारे ०.८ ने गुणायला हवं होतं. आलेलं उत्तर होतं १३,५९७ पौंड, ते किलो समजलं गेलं. उरलेल्या इंधनाचे लिटर काढतानाही तोच आकडा वापरला. सुमारे २०,००० लिटर भरायचे तिथे ५,००० पेक्षाही कमी भरले. ४१,००० फुटांवर इंधन संपू लागलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगवत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. त्यांच्या कौशल्याला तोड नाही.

घनता तरी कायम कुठे असते? द्रव तापला की बहुधा फुगतो. वस्तुमान तेच, लिटर वाढलेले. त्याहून नवलाची गोष्ट मिश्रणाची. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल मिसळलं तर १०० भरत नाहीत, ९६-९७ च्या आसपास भरतात, कारण दोन्हींचे रेणू मिश्रणात अधिक दाटीने बसतात. तराजूवर मात्र दोन्हींची बेरीज चोख येते. म्हणूनच प्रयोगशाळेत नेमकेपणा हवा असेल तिथे मोजपात्रापेक्षा वजनकाट्यावर माझा जास्त भरवसा आहे.

खुद्द लिटरच्या व्याख्येतही ही गुंतागुंत होती. १९०१ साली ‘एक किलो शुद्ध पाणी, त्याची घनता सर्वाधिक असताना, जेवढी जागा व्यापतं ती’ म्हणजे लिटर, असं ठरलं. काटेकोर मोजणीत ही जागा १००० घन सेंटिमीटरपेक्षा सुमारे ०.०२८ घन सेंटिमीटरने जास्त निघाली. फरक इवलासा, तरी सूक्ष्म मोजमापांत खटकणारा. अखेर १९६४ साली ती व्याख्या रद्द झाली आणि लिटर म्हणजे नेमके १००० घन सेंटिमीटर, असं ठरलं.