लोहगाव विमानतळावरून गावी जाताना : वाहन ठरवण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या विमानतळावर उतरून भोर, वेल्हे (आताचे नाव राजगड), आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यातील आपल्या गावी जाणाऱ्या ग्राहकांचा आम्हाला फोन येतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा भाड्याचा असतो. त्यावर आम्ही उलट विचारतो की, मुख्य रस्ता सोडल्यावर फाट्यापासून घरापर्यंत आपण कसे जाणार आहात आणि तिथे किती वाजता पोहोचणार आहात. या दोन गोष्टी ठरल्या की वाहन कोणते घ्यावे हे बव्हंशी आपोआप ठरते. म्हणून हिशेब विमानतळाकडून न मांडता गावाकडून मांडावा, असे आम्ही सुचवतो.

विमानतळ शहराच्या ईशान्येला आहे. त्यामुळे मंचर, नारायणगाव, जुन्नर किंवा शिरूरकडे जाणाऱ्यांना शहराचा मध्यभाग ओलांडावा लागत नाही, पण चाकण आणि वाघोली येथील कोंडी चुकत नाही. भोर, वेल्हे आणि मुळशीकडे जाणाऱ्यांना मात्र संपूर्ण शहर पार करावे लागते आणि संध्याकाळी उतरणाऱ्या विमानाच्या बाबतीत निम्मा वेळ पुण्यातच जातो. नकाशावरचे अंतर पाहून वेळ काढणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

सामान थोडे असेल आणि विमान सकाळी उतरत असेल, तर एसटीने जाणे उत्तम, हे आम्ही भाड्याच्या गाड्यांचा व्यवसाय करीत असूनही सांगतो. भोर आणि वेल्ह्याच्या गाड्या स्वारगेटहून सुटतात. मंचर, नारायणगाव, जुन्नरच्या बाजूला जाण्यासाठी वाकडेवाडीला जावे, कारण मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरचे स्थानक २०१९ च्या अखेरीस तेथे हलवण्यात आले. अनेक वर्षांनी गावी येणारी मंडळी अजूनही रिक्षावाल्याला जुन्याच स्थानकाचे नाव सांगतात. स्वारगेटला जाताना रिक्षाने रामवाडीपर्यंत येऊन मेट्रो धरावी आणि जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलावी, म्हणजे शहरातील गर्दी टळते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, तर ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र हाताशी असू द्यावे.

अडचण येते ती तालुक्याच्या गावानंतर. आडबाजूच्या अनेक गावांना दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात आणि संध्याकाळची मुक्कामी गाडी निघून गेली की दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत एसटी मिळत नाही. वडापच्या जीप माणसे भरल्याशिवाय हलत नाहीत आणि अंधार पडल्यावर त्या मिळतीलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे विमान दुपारनंतरचे असेल, बरोबर वयस्कर माणसे, लहान मुले किंवा मोठ्या बॅगा असतील, तर विमानतळापासून थेट दारापर्यंत गाडी करणेच सोयीचे ठरते.

अ‍ॅपवरची टॅक्सी शहरात सोयीची असली, तरी गावाकडच्या फेरीत परतीचे भाडे मिळत नसल्याने काही चालक ठिकाण कळताच फेरी रद्द करतात. बाहेरगावची फेरी म्हणून आगाऊ नोंदणी केल्यास हा धोका कमी होतो. गाडी कोणाचीही घ्या, नंबरप्लेट पिवळी असल्याची खात्री करा. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीला भाडे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडण्याची शक्यता असते.

भाड्यासंबंधी होणारे बहुतेक वाद दर किलोमीटरच्या आकड्यावरून नसतात, तर किलोमीटर कुठून कुठवर मोजायचे यावरून असतात. बाहेरगावच्या गाडीचे अंतर सामान्यतः गॅरेजपासून गॅरेजपर्यंत धरले जाते, म्हणजे आपण एकाच बाजूने गेलात तरी रिकाम्या परतीचे पैसे त्यात येतात. शिवाय दिवसाचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, पार्किंग आणि टोल (भोर आणि वेल्ह्याच्या वाटेवर खेड शिवापूरचा) वेगळे आहेत की धरलेले आहेत, हे नोंदणीच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे, आमच्याकडेसुद्धा.

पावसाळ्यात घाट ओलांडून जाणार असाल, तर आदल्या दिवशी चौकशी करावी. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट दरडींमुळे अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जातो आणि अशा वेळी ताम्हिणीमार्गे जावे लागल्यास अंतर आणि भाडे दोन्ही बदलतात.

नोंदणी करताना विमानाचा क्रमांक, माणसे व बॅगांची संख्या आणि गावाचे पूर्ण नाव तालुक्यासह कळवावे. नुसते 'वडगाव' म्हटले, तर विमानतळाशेजारचे वडगाव शेरी, सिंहगड रस्त्याचे वडगाव बुद्रुक, मावळातले वडगाव की मंचरजवळचे वडगाव काशिंबेग, हे आम्हाला कळत नाही. वाडी-वस्तीवर जायचे असल्यास नकाशावरील खुणेपेक्षा देऊळ, शाळा किंवा ग्रामपंचायतीची खूण सांगावी आणि गावातील एका माणसाचा फोन नंबर द्यावा, कारण डोंगराकडच्या भागात मोबाइलची रेंज मध्येच जाते आणि वाट विचारायला रात्री रस्त्यावर कोणी भेटत नाही.