सिकलसेलग्रस्तांचं दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडतो

एका पंधरा वर्षांच्या मुलीचा एचपीएलसी रिपोर्ट, म्हणजे रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती आहे हे सांगणारा रिपोर्ट, माझ्या समोर आला होता. नेहमीचं हिमोग्लोबिन ए ५६ टक्के, सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस ३७ टक्के. दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने कागद पाहिला, 'वाहक, अपात्र' असा शेरा मारला आणि मायलेकी परत आल्या. मुलगी वाहक नव्हतीच. तपासणीच्या अठरा दिवस आधी तिला दोन पिशव्या रक्त चढलं होतं, आणि रिपोर्टमधलं ते ५६ टक्के हिमोग्लोबिन ए रक्तदात्याचं होतं. आईला हे कुणी विचारलं नाही, आणि सांगायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. त्याच्या कुटुंबांचे कागद लावून द्यायला बसते तेव्हा असे अर्ज सारखे हाती येतात. आजार खरा असतो, त्रास डोळ्यांना दिसतो, पण कागद भलतंच बोलत असतो.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत रक्ताचे तीन आजार येतात: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. तरीही "हातपाय तर धड आहेत, मग कसलं प्रमाणपत्र?" असं आजही खिडकीवर ऐकून घ्यावं लागतं. असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. अधिनियमाच्या अनुसूचीचं ते एक पान छापून सोबत ठेवा आणि शांतपणे पुढे करा.

पात्र कोण?

एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलसेलचा दोष आलेली व्यक्ती सिकलसेलग्रस्त असते आणि अर्ज करू शकते. एएस पॅटर्न, म्हणजे दोष एकाकडूनच आलेला, तो वाहक. वाहकाला हा आजार नसतो, म्हणून प्रमाणपत्रही मिळत नाही. तिसरा गट कायम गोंधळात सापडतो. आईवडिलांपैकी एकाकडून सिकलसेलचा आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचा दोष आला असेल, तर त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. हाही सिकलसेल आजारच आहे आणि काहींना त्याचा त्रास एसएसइतकाच होतो. अशा रिपोर्टवर 'थॅलेसेमिया' हा शब्द दिसला की कारकून गोंधळतो. त्यामुळे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून निदान पूर्ण शब्दांत लिहून घ्या.

शिबिरात बोट टोचून झालेल्या सोल्युबिलिटी चाचणीची 'पॉझिटिव्ह' चिठ्ठी घेऊन अर्ज करू नका. ही चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि ग्रस्तातही. फरक कळतो तो एचपीएलसीने किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात मिळालेलं कार्डही दिव्यांग कार्ड नाही. त्यावर तुम्ही ग्रस्त आहात की वाहक, एवढंच असतं. ते कार्ड आहे म्हणून "आमचं झालंय की" असं समजून दोन-दोन वर्षं थांबलेली घरं मी पाहिली आहेत.

कुणाकडेच नसणारा कागद

तो कागद म्हणजे रक्त चढवण्याआधीचा एचपीएलसी रिपोर्ट. मूल पहिल्यांदा भरती होतं तेव्हा हिमोग्लोबिन चारवर आलेलं असतं, धावपळीत रक्त चढतं आणि तपासणी होते ती नंतर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. तोवर दात्याचं रक्त अंगात फिरत असतं आणि रिपोर्ट हुबेहूब वाहकासारखा येऊ शकतो. म्हणून शेवटची पिशवी चढल्यावर किमान तीन महिने, जमलं तर चार महिने जाऊ द्या आणि मग नमुना द्या. नमुना घेताना शेवटचं रक्त कधी चढलं ती तारीख फॉर्मवर लिहायला लावा. कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. ही एक ओळ तिथे असती तर त्या मुलीची फेरी वाचली असती.

पण दर महिन्याला रक्त लागणाऱ्या मुलाने तीन महिने थांबायचं कसं? थांबवूही नका. प्रमाणपत्रासाठी रक्त लांबवणं जिवावर बेतू शकतं. अशा वेळी आईवडील दोघांचा एचपीएलसी करून घ्या. दोघेही वाहक निघाले तर मुलाच्या निदानाला मोठा आधार मिळतो, पण तेवढ्याने ते सिद्ध होत नाही. शंका राहिली तर डीएनए तपासणीची चिठ्ठी मागा. चढवलेल्या रक्तामुळे त्या तपासणीत असा घोळ होत नाही.

अर्ज भरणं हे यातलं सोपं काम. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, नोंदणी करायची. आधार, ओळखीचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि वैद्यकीय कागद एवढं लागतं. मोबाइल नंबर सेवा केंद्रवाल्याचा देऊ नका, स्वतःचा द्या, कारण बोर्डाच्या तारखेचा निरोप त्याच नंबरवर येतो. नियमाप्रमाणे अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो किंवा या आजारासाठी उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयात. ही दुसरी सोय फारसं कुणी सांगत नाही. गडचिरोलीचं मूल नागपूरच्या सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षं उपचार घेत असेल तर तिथे अर्ज करा. सगळे कागद तिथेच असतात आणि डॉक्टर मुलाला ओळखतात.

नावाकडे मात्र नीट लक्ष द्या. आधारवर पूर्ण नाव, रुग्णालयाच्या कार्डावर घरचं लाडाचं नाव, लग्न झालेल्या मुलीच्या जुन्या कागदांवर माहेरचं आडनाव, असा अर्ज हमखास अडकतो. पुढच्या भरतीच्या वेळी केसपेपर आधार पाहूनच काढायला सांगा.

टक्के कशावर ठरतात

निदान मान्य झालं तरी लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. त्याखालीही कार्ड मिळतं, पण पांढरं. ४० ते ८०च्या आत पिवळं आणि ८० व त्यावर निळं. रक्त किती वेळा चढलं, दुखण्याचे झटके किती आले, भरती किती वेळा झाली, मेंदू, फुप्फुसं, किडनी, खुबा यांच्यावर काय परिणाम झाला हे बोर्ड पाहतं. आणि पाहतं म्हणजे कागदावर पाहतं. बोर्डाच्या दिवशी मूल हसतखेळत असेल तर आधीच्या आठवड्यातल्या रात्रभराच्या वेदनेला कागदाशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

इथे सगळ्यात मोठं नुकसान डे-केअरमध्ये रक्त घेणाऱ्यांचं होतं. सकाळी येऊन संध्याकाळी घरी, म्हणून डिस्चार्ज कार्ड निघत नाही. वर्षाला दहा पिशव्या चढलेल्या असतात आणि पुरावा शून्य. त्यावर आमचा उपाय साधा आहे. दहा रुपयांची वही. प्रत्येक वेळी तारीख, चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन, पिशवीवरच्या चिठ्ठीचा नंबर आणि सिस्टर किंवा डॉक्टरांची सही शिक्क्यासह. घरी सोसलेला झटकाही त्यात लिहा आणि पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर चढवून घ्या.

जुन्या भरतीचे कागद हरवले असतील तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायला हवेत. त्याच नियमावलीत भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपण्याची अट आहे. त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" म्हणू नका.

आता जे सांगायचंय ते ऐकून घ्या, कारण यावरून मी कुटुंबांशी भांडले आहे. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलवरची गोळी नियमित घेणाऱ्याला झटके कमी येतात, रक्तही कमी लागतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत या गोळीने प्रौढांमधले वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले आणि रक्त चढवण्याची गरजही घटली. मग घरात हिशेब सुरू होतो: औषध बंद केलं तर भरती होईल, रक्त चढेल, टक्के वाढतील. असं करू नका. एका झटक्यात छातीत गुंतागुंत होऊ शकते, पक्षाघात होऊ शकतो. प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. ते शरीराबाहेर टाकायची सोय निसर्गाने केलेली नाही, आणि साठलेलं लोह पुढे यकृत आणि हृदय बिघडवतं. वरचेवर रक्त चढलं की काहींच्या अंगात अँटिबॉडी तयार होतात आणि खऱ्या अडचणीच्या वेळी जुळणारी पिशवीच मिळत नाही.

एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन एरवीही बहुधा सहा ते नऊच्या मध्ये असतं. नुसता आकडा सात दिसला म्हणून रक्त मागायचं नसतं. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड, लसी, लहान मुलांना पेनिसिलिन, भरपूर पाणी आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, यावर पुष्कळ जण कमी रक्तात नीट राहतात. हायड्रॉक्सीयुरिया चालू असताना रक्ताची तपासणी वेळेवर करावी लागते आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. ॲनिमिया आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नका.

औषधाने बरं वाटतंय हा कागदावर तोटा ठरू नये म्हणून डॉक्टरांकडून वेगळं पत्र घ्या: औषध केव्हापासून चालू आहे, त्याआधी वर्षाला किती झटके आणि किती पिशव्या होत्या, औषधाखाली किती आहेत, अवयवांची सध्याची स्थिती काय. खुब्याचा एमआरआय, छातीचे आणि किडनीचे रिपोर्ट झाले असतील तर जोडा. खुब्याची झीज असेल तर चालण्यातल्या अडचणीचाही विचार व्हावा, अशी लेखी विनंती करा.

४० टक्के मिळाल्यावर काय मिळतं याबद्दलही गैरसमज आहे. अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे, आणि त्यात सिकलसेल येतो. कलम ३४ मधल्या सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार नाहीत. नोकरीच्या आशेने फी भरून बसलेल्या तरुणांना हे कुणी आधी सांगत नाही, याची मला चीड येते.

निकाल आणि अपील

ऑक्टोबर २०२४ मधल्या दुरुस्तीनंतर बोर्डाला निर्णयासाठी तीन महिने मिळतात. दोन वर्षं निर्णयच झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो, तेव्हा पोर्टलवरची स्थिती अधूनमधून पाहत राहा. नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी 'होत नाही' म्हणजे निर्णय नाही, त्यावर अपील करता येत नाही.

अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, आणि ती निर्णयाच्या तारखेपासून मोजतात. कागद तुमच्या हातात कधी पडला ते मोजत नाहीत. पोस्टाने कार्ड येईस्तोवर दोन महिने गेले, मग लग्नसराई आली, मग पेरणी, आणि मुदत संपली, असं वारंवार होतं. पोर्टलवर निर्णय दिसला त्याच दिवशी त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहा. टक्के कमी दिले असतील तरीही याच मुदतीत अपील करायचं असतं. मूल अल्पवयीन असेल तर पालक करू शकतात.

त्या मुलीने नव्वद दिवसांच्या आत अपील केलं. आईवडील दोघांचे एचपीएलसी, रक्तपेढीची नोंद आणि तारखांसह डॉक्टरांचं पत्र, एवढे तीन कागद जोडले होते. फेरतपासणीत ती एसएस ठरली. तिचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, वैधतेची तारीख त्यावरच छापलेली आहे. नूतनीकरणासाठी चार महिने आधी या, असं मी तिच्या आईला वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिलं आहे.