दुसरी टिक

रिसीव्हरचं, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पेटीचं, बटण दाबलं. आतून टिक आवाज आला, दिवा लागला, तीन-चार सेकंदांत सगळं बंद. चार वेळा हाच खेळ झाला. पाचव्यांदा हात आवरला, कारण दुसरी टिक एकदाही आली नव्हती.

पहिली टिक मुख्य वीजपुरवठ्याच्या रिलेची (रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच). दुसरी, काही सेकंदांनी येणारी, स्पीकर जोडणाऱ्या रिलेची. आतलं सगळं ठीक दिसल्याशिवाय रिसीव्हर ती होऊ देत नाही. दुसरी टिक होऊन मग बंद पडला, तर संशय बहुधा बाहेर: स्पीकरच्या वायरीचा एखादा केसाएवढा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. टिकच झाली नाही, तर दुखणं आत.

आत कसलं? ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात ट्रान्झिस्टरची जोडी असते. समजा एक +50 व्होल्टकडे ओढतो, दुसरा −50 कडे. स्पीकर मधोमध. गाणं नसताना दोघांची रस्सीखेच बरोबरीत, म्हणजे मध्यावर शून्य. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की अख्खे 50 व्होल्ट स्पीकरच्या वाट्याला. 8 ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, होणारा रोध साधारण 6 ओहम. म्हणजे 8 अँपिअरच्या वर प्रवाह आणि 400 वॉट नुसती उष्णता. स्पीकरचा हलणारा पडदा एका टोकाला जाऊन अडकतो, कॉइलभोवती हवाही खेळत नाही. जळायला वेळ लागत नाही.

पण मोठ्या आवाजातल्या संगीतातही क्षणभर 40 व्होल्ट येतातच. मग चोर कोण आणि साव कोण, हे ओळखायचं कसं? इथली युक्ती मला फार आवडते. एक रोधक आणि एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग), बस. रोधकातून कपॅसिटर सावकाश भरतो. 20 हर्ट्‌झचा खर्जातला खर्ज घेतला, तरी 25 मिलिसेकंद तो भरतो आणि पुढचे 25 मिलिसेकंद उलट्या दिशेने रिता होतो. गोळाबेरीज शून्य. डीसी मात्र एकाच बाजूने ओतत राहतो. कपॅसिटरवर 0.6 व्होल्टच्या आसपास साचले की एक चिमुकला ट्रान्झिस्टर जागा होतो आणि रिले सुटून स्पीकर तोडतो. संगीताची सरासरी शून्य असते, एवढ्या एका गणिती सत्यावर स्पीकरचा जीव टांगलेला! (रिले सुटतानाही गंमत आहे: एसी प्रवाह सतत शून्यातून जातो म्हणून ठिणगी विझते, डीसीची ठिणगी तगून राहू शकते. म्हणून काही आरेखनांत सुटलेला स्पीकर थेट ग्राउंडला जोडतात.)

यावर 'फॅक्टरी रीसेट मारा' हा सल्ला हमखास मिळतो. स्मृती पुसल्याने वितळलेलं सिलिकॉन सांधत नाही. महागड्या पॉवर केबलनेही नाही.

प्लग काढून मी स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवल्या आणि पुन्हा चालू करून पाहिलं. तरी तेच. मग परत प्लग काढून झाकण उघडलं. मोठ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही चार्ज उरतो. तो मोजून शून्य होईपर्यंत थांबलो. मल्टिमीटरच्या सुया एकेका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-एमिटर या दोन पायांना लावत गेलो; बीप वाजली तर तो शॉर्ट. डाव्या चॅनेलवर बीप. जोडीदारावरही बीप; एक गेला की बहुतेक दुसऱ्याला घेऊनच जातो.

स्पीकर दुसऱ्या ॲम्प्लिफायरला जोडून पाहिले. दोन्ही वाजले.