वर्ल्ड मास्टर्स गेम्स २०२७ (जपान): पात्रता, कागदपत्रं आणि नावनोंदणी

जपानच्या कान्साई भागात, म्हणजे ओसाका-क्योटो-कोबेच्या पट्ट्यात, १४ ते ३० मे २०२७ दरम्यान वर्ल्ड मास्टर्स गेम्स, म्हणजे साधारण तिशीपुढच्या खेळाडूंसाठीची अनेक खेळांची जागतिक स्पर्धा, होणार आहेत. खरं तर ही स्पर्धा २०२१ची, पण करोनामुळे लांबली.

यात निवड चाचणी नसते, हे आधी लक्षात घ्या. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असे टप्पे नाहीत, ठरावीक वेळेत धावून दाखवायची अटही नाही. वय बसत असेल आणि प्रवेश शुल्क भरलं, की तुम्ही स्पर्धक. १९८५ला टोरांटोत पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून हेच धोरण आहे. २०१७ला ऑकलंडमध्ये २८ हजारांहून जास्त जण सहभागी झाले होते. आपल्याकडच्या मान कौर यांनी वयाच्या १०१व्या वर्षी १०० मीटरचं सुवर्ण घेतलं ते तिथेच. त्यांच्या वयोगटात त्या एकट्याच होत्या!

त्यामुळे 'भारतीय संघात निवड करून देतो, एवढे भरा' असं कुणी म्हणालं, तर पैसे नेमके कशाचे ते विचारा. तिकीट-हॉटेलचे असतील तर ठीक. निवडीचे असूच शकत नाहीत. वर्ल्ड मास्टर्स अॅथलेटिक्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र वेगळी. तिथे प्रवेशिका राष्ट्रीय महासंघामार्फत जाते. नावं सारखी असल्याने या दोन्हींत गल्लत होते.

वयाची अट साधारण ३० पूर्ण अशी आहे, पण ती खेळागणिक बदलते. पुढे पाच-पाच वर्षांचे गट पडतात. खरी गंमत 'वय कोणत्या तारखेला मोजायचं' यात आहे. मास्टर्स अॅथलेटिक्समध्ये स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचं वय धरायची पद्धत आहे, मास्टर्स जलतरणात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं. या हिशेबाने नोव्हेंबर २०२७मध्ये साठी गाठणारा माणूस ट्रॅकवर ५५-५९मध्ये असेल आणि तलावात ६०-६४मध्ये. फॉर्म भरण्याआधी आपल्या खेळाचं नियमपत्रक वाचाच. फेकीच्या प्रकारांत गटावर साहित्याचं वजनही ठरतं: पुरुषांचा गोळा पन्नाशीत ६ किलोचा, साठीत ५चा, सत्तरीत ४चा.

नावनोंदणी ऑनलाइन, स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट सर्वांत सोयीचा. आपल्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहून टाकली. खरा जन्म दिवाळीतला असला तरी इथे चालेल ती पासपोर्टवरचीच तारीख. फॉर्म, विमा, व्हिसा सगळीकडे तीच टाका. नावाचंही तसंच. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जसं आलंय, अक्षर न बदलता तसंच लिहा. पासपोर्टची मुदत मे २०२७च्या पुढे सहा महिने तरी असू द्या.

व्हिसासाठी बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, तिकीट, राहण्याचा पत्ता आणि दिवसवार कार्यक्रम तयार ठेवा, सोबत नोंदणीची पोच जोडा. निवृत्त असाल तर पेन्शनचा कागदही लावा.

औषधांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मास्टर्स खेळाडूंचीही उत्तेजक चाचणी होऊ शकते. रक्तदाबाच्या, दोन औषधं एकत्र असलेल्या अनेक गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं; लघवी वाढवणारं हे औषध बंदीच्या यादीत आहे. इन्सुलिनही आहे. गोळीच्या पट्टीवरचे घटक वाचा, डॉक्टरांना विचारा. पण मनाने औषध बंद करू नका. उपचारासाठी औषध घ्यायची सवलत मिळते, तिला टीयूई म्हणतात. त्यासाठी निदानाचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि अर्जाला वेळ जातो.

नोंदणी करताना 'इजा झाल्यास जबाबदारी माझी' अशा हमीपत्राला संमती द्यावी लागते. म्हणून प्रवास विमा घेताना एजंटला थेट विचारा, स्पर्धेत खेळताना झालेली दुखापत यात धरली आहे का? अनेक पॉलिसींत ती वगळलेली असते. चाळिशीपुढच्यांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, फॉर्ममध्ये मागितली नसली तरी.

हॉटेलची घाई करू नका. मैदानं अनेक प्रांतांत विखुरलेली आहेत. आपला खेळ कुठे आणि कोणत्या तारखांना आहे ते वेळापत्रकात पाहा, मगच खोली घ्या. संघातून खेळणार असाल तर आणखी एक: बऱ्याच सांघिक खेळांत गट सर्वांत तरुण खेळाडूच्या वयावर ठरतो. एका ४८ वर्षांच्या भाच्याला घेतलं, तर पंचावन्नचे सगळे त्याच्या गटात जातील.