जखम भरताना आकसणारी अन्ननलिका

संडास धुण्याचे अ‍ॅसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि त्यातला एक घोट लहान मुलाने पाणी समजून घेतला तर त्याचे दुखणे वर्षानुवर्षे चालू शकते. अशीच भाजलेली मुले तपासून अस्वस्थ झालेले अमेरिकी डॉक्टर शेवालियर जॅक्सन यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा 1927 साली तिथे दाहक रसायनांच्या डब्यांवर विषाची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक झाले. रसायन दुसऱ्या बाटलीत ओतले की ती सूचना मागेच राहते.

आम्लामुळे पेशींतील प्रथिने गोठतात आणि तो थर आम्लाला आत शिरण्यास थोडाफार अडथळा करतो. कॉस्टिक सोडा हा तीव्र अल्कली मात्र मेदाचा साबण करत, प्रथिने विरघळवत खोल उतरतो. अन्ननलिकेच्या भिंतीला आरपार भोक पडले तर छातीत जंतुसंसर्ग पसरतो, आणि घशाला सूज आली तर श्वासच कोंडतो. तोंडात भाजल्याची एकही खूण नसताना अन्ननलिका भाजलेली असू शकते, म्हणून वरवर पाहून निश्चिंत होणे धोक्याचे आहे. अशा वेळी रुग्णाला उलटी करवू नये, कारण वर येताना रसायन पुन्हा भाजते. लिंबू किंवा सोडा देऊन ते शमवू पाहिल्यास उष्णता निर्माण होऊन इजा वाढू शकते. तडक रुग्णालय गाठावे.

तिथे शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच दुर्बिणीने इजा किती खोल आहे ते पाहतात. तिची प्रतवारी करण्याची आज जगभर वापरली जाणारी पद्धत चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील डॉ. झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडली.

खरी फसगत पुढे होते. वेदना ओसरतात, रुग्ण जेवू लागतो, घरच्यांना हायसे वाटते. पण आत व्रणाची ऊती तयार होत असते आणि भरत आलेली जखम काही आठवड्यांत नळीला आवळू लागते. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पेज, आणि शेवटी स्वतःची लाळही गिळता येत नाही. आम्ल प्यायलेल्यांत जठराचे खालचे तोंडही असेच अरुंद होऊ शकते. अन्ननलिका पुन्हा पुन्हा रुंदावून घ्यावी लागते, आणि तेही जमले नाही तर मोठ्या आतड्याचा तुकडा तिच्या जागी जोडावा लागतो. अशा अन्ननलिकेत काही दशकांनंतर कर्करोग होण्याचा धोकाही वाढलेला असतो, त्यामुळे बालपणी भाजलेल्या व्यक्तीला पन्नाशीत गिळताना नव्याने त्रास होऊ लागला तर तो जुन्या व्रणाचाच आहे असे गृहीत न धरता दुर्बिणीने तपासणी करावी लागते.